गरज की इच्छा? : ज्याँ-बातिस्त लामार्क यांची जीवनकथा



शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातील जिराफ आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. उंच झाडाचा पाला खाण्यासाठी त्याने मान ताणली, त्याच्या पिलांनीही ताणली, आणि अशा रीतीने पिढ्यान्‌पिढ्या मान लांब होत गेली, असे लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचे मत होते. आणि ते चुकीचे ठरले, हेही आपण त्याच तासाला शिकलो. पुढे ही गोष्ट लोकांच्या तोंडी आणखी सोपी झाली. जिराफाला लांब मान हवीशी वाटली, म्हणून ती लांब झाली! व्यासपीठावरून कोणी उत्क्रांतीची थट्टा करण्यासाठी ती सांगतो, तर कोणी इच्छाशक्तीचे माहात्म्य पटवण्यासाठी. मनाने घेतले तर देह बदलतो, देह बदलला तर वंश बदलतो, असा तिचा मथितार्थ काढला जातो.

लामार्क यांनी खरोखरच असे म्हटले होते काय? आणि त्यांनी म्हटले असो वा नसो, प्राण्याच्या वा मनुष्याच्या जाणत्या इच्छेने त्याचा वंश बदलू शकतो काय? या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळे एका सत्पुरुषावर गेली दोनशे वर्षे अन्याय होत आला आहे. म्हणून त्यांचे चरित्र आपण प्रथम पाहू.

ज्याँ-बातिस्त लामार्क यांचा जन्म १ ऑगस्ट १७४४ रोजी उत्तर फ्रान्समधील पिकार्डी प्रांतात, बझाँताँ या खेड्यात झाला. घराणे सरदारांचे, परंतु गरिबीला आलेले. अकरा भावंडांत हे शेंडेफळ. थोरल्या भावांनी वंशपरंपरेप्रमाणे लष्कराची वाट धरली होती. धाकट्याने धर्मगुरू व्हावे असे वडिलांनी ठरवले आणि त्याला आमियाँ येथील येशूसंघीयांच्या विद्यालयात घातले. मुलाचे मन तेथे रमले नाही. वडील वारल्यावर त्याने एक मरतुकडे घोडे विकत घेतले आणि तो थेट जर्मनीत लढत असलेल्या फ्रेंच सैन्यात दाखल झाला. १७६१ च्या जुलैमध्ये झालेल्या लढाईत त्याच्या तुकडीचे सर्व अधिकारी पडले. माघारीचा हुकूम आलेला नाही, तो येईपर्यंत जागा सोडायची नाही, असा हट्ट या सोळा वर्षांच्या पोराने धरला. त्याबद्दल त्याला रणांगणावरच अधिकारपद मिळाले.

इच्छाशक्तीची वाण त्यांना कधीच नव्हती, हे यावरून आपल्या ध्यानात येईल. देहाची साथ मात्र मिळाली नाही. लष्करी छावणीत थट्टामस्करी चालू असता एका सोबत्याने त्यांना डोक्याला धरून उचलले आणि त्यांच्या मानेला गंभीर इजा झाली. शस्त्रक्रिया करावी लागली आणि १७६८ च्या सुमारास सैनिकी जीवन संपले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर पॅरिसमध्ये माळ्यावरची खोली घेऊन ते राहिले, एका पेढीत कारकुनी केली, वैद्यकाचा अभ्यास केला आणि अखेर वनस्पतिशास्त्राकडे वळले.

१७७८ मध्ये त्यांचा फ्रान्समधील वनस्पतींवरील ग्रंथ तीन खंडांत सिद्ध झाला. त्या काळी असे ग्रंथ बहुधा लॅटिनमध्ये लिहीत. लामार्क यांनी तो लोकांच्या फ्रेंच भाषेत लिहिला. शिवाय त्यांनी एक सुलभ पद्धत योजली होती. प्रत्येक पायरीवर दोन लक्षणांपैकी एक निवडत गेले की अनोळखी झाडाचे नाव सापडे. थोर निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांनी या तरुणाला आश्रय दिला आणि १७७९ मध्ये त्यांची विज्ञान अकादमीवर निवड झाली.

मग राज्यक्रांती आली. राजाच्या बागेचे १७९३ मध्ये राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालयात रूपांतर झाले आणि बारा अध्यापकपदे निर्माण झाली. पन्नाशीला टेकलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या वाट्याला काय आले? कीटक व कृमी. तो विषय कोणालाच नको होता. लिनियस यांनी पाठीचा कणा नसलेले सारे प्राणी या दोनच गटांत कोंबले होते. लामार्क यांनी हा पसारा नव्याने लावायला घेतला. कवचधारी प्राणी, कोळ्यांचा वर्ग, वलयांकित कृमींचा वर्ग असे स्वतंत्र वर्ग त्यांनी पाडले. ‘अपृष्ठवंशी’ ही संकल्पना आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ती त्यांची देणगी होय. सजीवांच्या शास्त्राला ‘बायॉलॉजी’ हे नाव रूढ करणाऱ्या आरंभीच्या लेखकांतही, १८०२ मध्ये, ते होते.

तोपर्यंत त्यांचाही समज असा होता की, प्राण्यांच्या जाती आरंभापासून जशा आहेत तशाच राहिल्या आहेत. परंतु पॅरिसच्या आसपासच्या खडकांतील शंखशिंपले आणि समुद्रातील जिवंत शंखशिंपले शेजारी शेजारी मांडून पाहता पाहता तो समज ढासळला. ११ मे १८०० रोजी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, विद्यार्थ्यांसमोरच्या प्रास्ताविक व्याख्यानात त्यांनी प्रथम जाहीर केले की जाती बदलत जातात. १८०९ मध्ये ‘प्राणिशास्त्राचे तत्त्वज्ञान’ या ग्रंथात त्यांनी हा विचार सविस्तर मांडला.

तो विचार काय होता, हे येथे थांबून नीट पाहिले पाहिजे, कारण साऱ्या गैरसमजाचे मूळ येथेच आहे. लामार्क यांच्या मते सजीवांत दोन प्रेरणा काम करतात. एक, साध्या रचनेकडून गुंतागुंतीच्या रचनेकडे नेणारा निसर्गाचा ओघ. दुसरी, परिस्थितीचा प्रभाव. परिस्थिती बदलली की प्राण्याच्या गरजा बदलतात. गरजा बदलल्या की वागणूक बदलते. नवी वागणूक अंगवळणी पडली की काही अवयव अधिक वापरले जातात व बळावतात, काही कमी वापरले जातात व खुरटतात. आणि असा बदल आईबाप दोघांतही झालेला असेल तर तो संततीत उतरतो. परिस्थिती, गरज, सवय, अवयव, संतती अशी ही साखळी आहे. ‘इच्छा’ ही तिच्यातील कडी नव्हे.

याला पुरावा त्यांच्याच ग्रंथात आहे. त्यांनी दिलेले एक उदाहरण पाण्यात वाढणाऱ्या एका रोपाचे आहे. त्याची पाण्याखालची पाने केसांसारखी बारीक चिरलेली असतात आणि पाण्यावर आलेली पाने रुंद असतात. परिस्थितीने घडवलेला बदल तो हाच. आणि रोपाला इच्छा असते असे कोण म्हणेल? पुढे १८१५ पासून निघालेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात त्यांनी प्राण्यांचे तीन थर सांगितले: संवेदनाच नसलेले, संवेदना असलेले आणि बुद्धी असलेले. जाणती इच्छा त्यांनी केवळ शेवटच्या थराला दिली. मात्र बदल तर तिन्ही थरांत होतो असे ते म्हणत. मग इच्छा ही बदलाची जननी कशी ठरेल?

दुसरा पुरावा इजिप्तमधला आहे. नेपोलियनच्या स्वारीसोबत गेलेले संग्रहालयातील सहकारी जॉफ्रुआ यांनी तेथून हजारो वर्षांपूर्वी मसाले भरून जतन केलेले पक्षी व प्राणी आणले. तपासणीत ते हुबेहूब आजच्यासारखे आढळले. संग्रहालयातीलच दुसरे प्राध्यापक क्यूव्हिए यांना यात जाती स्थिर असल्याचे प्रमाण दिसले. लामार्क यांचे उत्तर साधे होते: नाईलच्या काठची हवा व भूमी तेवढ्या काळात बदललेली नाही, परिस्थिती तीच, म्हणून गरजा त्याच, म्हणून पक्षीही तेच, शिवाय निसर्गाच्या हिशेबात दोनतीन हजार वर्षे म्हणजे काहीच नव्हेत.

न्यायाने बोलायचे तर त्यांची लेखणीही सर्वत्र सावध नव्हती. चिखलात वावरणाऱ्या लांब पायांच्या पक्ष्याबद्दल लिहिताना, अंग भिजू नये असे त्याला वाटते म्हणून तो पाय ताणतो, अशा अर्थाची शब्दयोजना त्यांनी केली आहे. जिराफाचा उल्लेख तर अवघ्या एका परिच्छेदापुरता आहे. पण टीकाकारांनी नेमक्या अशाच जागा उचलल्या.

आपल्या नियतकालिकाच्या वाचकांना आणखी एक गोष्ट कळावी असे वाटते. लामार्क नास्तिक नव्हते. सर्व काही त्या परम कर्त्याच्या इच्छेनेच अस्तित्वात आले, असे त्यांनी त्याच ग्रंथात मान्य केले आहे. त्या कर्त्याने प्रत्येक जात वेगळी घडवण्याऐवजी, क्रमाक्रमाने सर्व जाती प्रकट करणारी एक व्यवस्थाच निर्माण केली असेल, तर त्याच्या सामर्थ्याला मर्यादा घालणारे आपण कोण, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांचा देव दूरचा आहे. ख्रिस्तात भेटणारा पिता त्यांच्या लिखाणात आढळत नाही, आणि त्यांना ओढूनताणून आपल्या गोटात आणण्याचे कारणही नाही. परंतु सृष्टीच्या मुळाशी त्यांनी जी इच्छा ठेवली ती जिराफाची नव्हे, निर्माणकर्त्याची होती, एवढे तरी मान्य केले पाहिजे.

ग्रंथाचे स्वागत कसे झाले? लामार्क यांनी १८०९ मध्ये आपले पुस्तक सम्राट नेपोलियनला अर्पण करण्यासाठी नेले. ते काही वर्षे हवामानाचे वार्षिक अंदाज प्रसिद्ध करत असत आणि त्याबद्दल त्यांची टिंगल होई. हेही तसलेच काही असावे असे समजून सम्राटाने सर्वांदेखत त्यांचा पाणउतारा केला. हे प्राणिशास्त्राचे पुस्तक आहे, एवढेही त्या वृद्धाला धड सांगता आले नाही. त्यांना रडू कोसळले. हा प्रसंग शास्त्रज्ञ अरागो यांनी नोंदवून ठेवला आहे.

पुढची वर्षे कष्टाची गेली. पत्नीवियोग त्यांना वारंवार सोसावा लागला. बारीक शंखशिंपल्यांवर आयुष्य वेचलेले डोळे मंदावत गेले आणि १८१८ च्या सुमारास पूर्ण अंधत्व आले. अपृष्ठवंशी प्राण्यांवरचा त्यांचा सात खंडांचा ग्रंथ तेव्हा अर्ध्यावर होता. लेकी पाठीशी उभ्या राहिल्या. अखेरच्या भागात वडील सांगत आणि कन्या कॉर्नेली लिहून घेई. १८२२ मध्ये ग्रंथ पूर्ण झाला. १८ डिसेंबर १८२९ रोजी, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षी लामार्क वारले. मोंपार्नासच्या कबरस्थानात कायमची जागा घेण्याइतके पैसे कुटुंबाजवळ नव्हते. मुदतीच्या भाड्याने जागा घेतली गेली. मुदत संपल्यावर अस्थी हलवल्या गेल्या आणि आज त्यांच्या कबरेचा ठावठिकाणा नाही.

मृत सभासदाचे गुणगान करण्याची अकादमीत प्रथा होती. लामार्क यांच्यावरील भाषण क्यूव्हिए यांनी लिहिले. त्यांचेही मे १८३२ मध्ये निधन झाल्याने त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ते दुसऱ्याने वाचून दाखवले. त्यात वनस्पती व शिंपल्यांवरील कार्याची स्तुती होती. परंतु जातींच्या बदलाचा विचार असा सांगितला होता की ऐकणाऱ्याने हसावे. पोहण्याची इच्छा धरल्याने पाणपक्ष्यांच्या बोटांमध्ये पडदे आले, असे जणू लामार्क म्हणत होते! आरोपी कबरेत होता. उत्तर कोण देणार?

यात भाषेनेही हात दिला. लामार्क यांनी गरजेसाठी ‘बेझ्वाँ’ हा फ्रेंच शब्द वापरला होता. इंग्रजीत तो ‘वाँट’ या शब्दाने उतरवला गेला. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा पहिला अर्थ उणीव, कमतरता असा आहे; पण सामान्य वाचकाच्या कानाला तो ‘हवेसे वाटणे’ असाच लागतो. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्यांना हा धोका चांगला परिचयाचा आहे. तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या वचनात जुन्या इंग्रजी भाषांतराने हाच शब्द योजला आहे. तेथे त्याचा अर्थ इच्छा असा घेतला तर साऱ्या स्तोत्राचा विपर्यास होईल. आपल्या मराठी शास्त्रात तेथे उणिवेचाच अर्थ आहे. लामार्क यांच्या बाबतीत तो विपर्यास झाला आणि टिकला. डार्विन यांनीसुद्धा १८४४ मध्ये मित्राला लिहिताना, प्राण्यांच्या संथ इच्छेने बदल होतात असला लामार्कचा विचार आपला नव्हे, असे सांगून हात झटकले. पुढे मात्र अवयवांच्या वापराचे परिणाम संततीत उतरतात ही गोष्ट त्यांनी स्वतःच मान्य केली होती.

विरोधकांनी थट्टेसाठी केलेला हा अर्थ काही चाहत्यांनी मोठ्या आनंदाने उचलला. इंग्रज लेखक सॅम्युएल बटलर आणि त्यांच्यानंतर नाटककार बर्नार्ड शॉ यांनी जीवसृष्टीच्या मुळाशी इच्छाशक्ती आहे असे प्रतिपादन केले. १९२१ मध्ये शॉ यांनी मथुशलहाच्या नावाने लिहिलेल्या नाटकात माणसे केवळ संकल्पाच्या बळावर तीनशे वर्षे जगू लागतात. अशा रीतीने शत्रू व मित्र दोघांनी मिळून लामार्क यांच्या तोंडी जे घातले, ते त्यांनी सांगितलेच नव्हते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. लामार्क यांनी म्हटले नसले तरी, इच्छेने वंश बदलतो काय?

लामार्क यांच्या साखळीची शेवटची कडी, म्हणजे मिळवलेला बदल संततीत उतरणे, हीच निखळली. जर्मन शास्त्रज्ञ वाइसमान यांनी १८८० च्या दशकात दाखवून दिले की पुनरुत्पादनाच्या पेशी शरीराच्या इतर पेशींपासून वेगळ्या राहतात. त्यांनी पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या; जन्मलेल्या ९०१ पिलांपैकी एकही बिनशेपटीचे निघाले नाही. अब्राहामापासून पिढ्यान्‌पिढ्या सुंता होत आली, तरी प्रत्येक पुत्राची ती नव्याने करावीच लागते, हा दाखलाही आपल्यासमोर आहे. शेपटी कापणे ही काही उंदराची गरज नव्हती, तेव्हा हा प्रयोग लामार्क यांची खरी परीक्षा नव्हे, असा आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त होता. परंतु १९४३ मध्ये लुरिया व डेलब्रुक यांनी जीवाणूंवर केलेल्या प्रयोगाने गरजेचाही प्रश्न निकालात काढला. विषाणूला दाद न देणारे जीवाणू विषाणूची गाठ पडण्यापूर्वीच, गरज नसतानाच, निर्माण झालेले होते. जनुकातील बदल गरज विचारून होत नाही. मग इच्छा विचारून कोठून होणार?

गेल्या काही दशकांत असे आढळले आहे की, उपासमारीसारखे अनुभव जनुकांच्या कार्यावर खुणा ठेवतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. तेव्हा गर्भात आलेल्या मुलांत अशा खुणा साठ वर्षांनंतरही दिसल्या. पण सस्तन प्राण्यांत पुढची पिढी घडताना यांतील बहुतेक खुणा पुसल्या जातात. शिवाय त्या भुकेने उमटवलेल्या आहेत. कोणा मातेने त्या इच्छिल्या नव्हत्या.

तरीही इच्छा अगदीच निष्प्रभ नाही. तिची वाट वेगळी आहे. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वी गाईगुरे पाळण्याचे ठरवले. मोठेपणी दूध पचावे अशी इच्छा त्यांनी केली नव्हती. परंतु गोठा उभा राहिल्यावर, ज्यांना जन्मतःच तशी पचनशक्ती लाभली होती त्यांची मुलेबाळे अधिक जगली. युरोपात आणि आपल्या देशाच्या वायव्य भागातही त्या जनुकाचा तोच प्रकार आज सापडतो. इच्छेने वागणूक ठरवली, वागणुकीने परिस्थिती घडवली, परिस्थितीने निवड केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाल्डविन यांनी १८९६ मध्ये अशाच आडवाटेकडे लक्ष वेधले होते. इच्छा बीजावर लिहू शकत नाही. ती शेत बदलू शकते.

आणि येथेच सावध होण्याची गरज आहे. कारण मनुष्याने शेत बदलण्यावर समाधान मानले नाही. वंश सुधारण्याच्या नावाखाली अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ मध्ये आणि जर्मनीने १९३३ मध्ये दुर्बलांच्या सक्तीच्या नसबंदीचे कायदे केले. २०१८ मध्ये एका चिनी संशोधकाने भ्रूणावस्थेतच जनुके बदललेल्या जुळ्या मुलींच्या जन्माची घोषणा केली. पुढच्या वर्षी त्याला तुरुंगवास झाला. अशा वेळी जी इच्छा वंशावर चालते ती त्या बालकाची नसते, बलवानाची असते. जिराफाच्या इच्छेला हसणे सोपे आहे. ही इच्छा मात्र हसण्यासारखी नाही, आणि तिच्याबद्दल आपल्या मंडळ्यांतून बोलले गेले पाहिजे.

वाचकहो, लामार्क यांच्या सिद्धांताचा एक भाग चुकला, हे मुलांना अवश्य सांगावे. पण त्यांचे खरे म्हणणे काय होते ते सांगून मगच. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा मृतांच्या बाबतीत अधिकच कसोशीने पाळावी, कारण ते उठून आपली बाजू मांडू शकत नाहीत. त्यांच्या ग्रंथाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९०९ मध्ये, लोकांच्या वर्गणीतून पॅरिसच्या त्याच बागेत त्यांचा पुतळा उभारण्यात आला. चौथऱ्यावर एक दृश्य कोरले आहे: आंधळे झालेले लामार्क बसले आहेत आणि कन्या कॉर्नेली त्यांच्याजवळ उभी आहे. कबर हरवली, तरी हे दृश्य आजही तेथे पाहावयास मिळते.